तव्यावरचं ऊन

यवतमाळच्या बसस्टँडसमोर उन्हात उभ्या असलेल्या सायकलची ट्यूब फुटली आणि रस्त्याच्या कडेनं चाललेला उत्तमसिंग खाली बसला. नुसता दचकला असता तर कुणी बघितलं नसतं. तो बसला, धुळीत, उकिडवा, आणि त्याचा उजवा हात आपसूक उजव्या डोळ्यावर गेला. पिशवीतली केळी बाहेर आली. सायकली दुरुस्त करणारा देवराव हातातला पाना तसाच धरून दुकानाबाहेर आला, आधी सायकलीकडे आणि मग त्याच्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, मेली ते सायकल. तुम्ही काहून पडले?" पानठेल्यावरचे हसले. "हेच मास्तर शाळेत परेड घेते बरं पोट्ट्यांची," कुणीतरी म्हणालं. उत्तमसिंगही हसला. केळी गोळा केली, धूळ फुंकली. हात मात्र डोळ्यावरून निघेना. हाताखाली डोळा होता, ओला, गरम, शाबूत. दुसराही होता. गेला होता तो पूनमसिंगकाकाचा, मागच्या चैत्रात, नाल्याकाठी, अस्वलाच्या पंजानं. आणि त्या दुपारी उत्तमसिंग झोपला होता. असं तो वर्षभर सांगत आला होता, कुणी विचारलं नव्हतं तरी.

दारव्ह्याच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पत्रा इतका तापलेला की कोपर टेकवता येईना. काल शाळा सुटताना हिरासिंग फाटकाशी येऊन उभा होता. काकाचा मुलगा, विशी ओलांडलेला, बापासारखाच रुंद. "भिया, अस्वल आलं परत," तो म्हणाला. "तेच. पाठीवर एका जागी केस नाही त्याच्या. उद्या दिवस बुडता मी बसतो, बापूची रायफल घेऊन." काका काय म्हणतात, असं उत्तमसिंगनं विचारलं. "बापू म्हणते मास्तरले घेऊन ये. मोहाच्या झाडात एक गोळी हाय त्याची, तिले जोडीदार पायजे." हिरासिंग हसला आणि मग सहज, जाता जाता, बिडी पेटवताना म्हणावं तसं म्हणाला, "माय तं सकाळपासून तवा घासून राह्यली." त्यानंतर तो आणखी काही बोलला असेल. उत्तमसिंगनं मान डोलावली असेल. त्याला आठवत होता तो फक्त तवा.

तो भाकरीचा तवा नव्हता. भाकरीच्या तव्याला त्या कामाला हात लावायचा नाही, अशी त्या घरात रीत. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पावसाळा सरला तरी बारुदाच्या पिशवीत ओल राहायची, म्हणून शिकारीच्या दिवशी घरातल्या बाईनं बारूद लोखंडी तव्यावर पसरून उन्हात ठेवायचं, पापडासारखी राखण करायची, चुलीच्या ठिणगीपासून आणि कोंबड्यांपासून जपायचं, आणि माणसं निघाली की घोंगडीच्या तुकड्यात बांधून गरम गरम हातात द्यायचं. तोवर पुरुषानं त्याला शिवायचं नाही. आजीनं हे केलं. आजीनं भुरीबाईकाकीला शिकवलं, तेव्हा काकी परकरी वयाची असेल. नंतर बंदूक गेली, काकानं पिकाच्या राखणीचा परवाना काढून तीनशे पंधराची रायफल आणली, जिचा खटका दर गोळीनंतर वर उचलून मागे ओढला की रिकामी नळी बाहेर पडते आणि दुसरी गोळी आत जाते, पितळी नळीत बंद झालेली विलायती काडतुसं आली. त्यांच्यात ना ओल शिरत होती ना वारा. पण काकीच्या हाताला दुसरं काय माहीत होतं? तिनं काडतुसं तव्यावर उभी केली, एकाला एक लागू न देता, लेकरांना न्हाऊ घालून उन्हात बसवावं तशी. काकाही ती तिच्याच हातून घ्यायचा. घोंगडीचा तुकडा उघडून एक काडतूस गालाला लावायचा आणि म्हणायचा, "तापली वं." काकी तोंडाला ओढणी लावून हसायची.

त्या दुपारीही ठेवली होती. उत्तमसिंग झोपला होता.

बस एका वळणावर थांबली, एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन चढली, टोपली त्याच्या पायाशी आली. सरकारी दवाखान्यातला वास असाच होता. पिसांचा नाही, पण असाच, जिवंत आणि कोंडलेला. काकाचं अर्धं डोकं पांढऱ्या पट्टीत, उजव्या हाताला दोनच बोटं उरलेली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. अस्वल आधी हात धरतं, कारण हात पुढे येतो. तापात काका एवढंच म्हणाला होता, आणि ते उत्तमसिंगशिवाय कुणी ऐकलं नव्हतं: "खटका उघडलाच नाही रे, बेटा. उघडलाच नाही." उत्तमसिंगनं त्याच्या ओठांना पाणी लावलं. तो काही बोलला नाही, कारण आजारी माणसाशी बोलू नये. आणि तिकडे तांड्यावर हिरासिंगनं दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यातली रायफल उचलली, खटका ओढला, दोन झटक्यांत उघडला. रिकामी नळी टपकन खाली पडली. सगळ्यांनी पाहिलं. तांड्याच्या नायकानं पाहिलं, शेजारच्या किसनसिंगानं पाहिलं, जिच्या खांद्याचं मांस अस्वलानं आठवडाभर आधी ओरबाडलं होतं त्या जमनीनंही दारातून पाहिलं. रायफलीत काहीच बिघाड नव्हता. मग उरला माणूस. "पूनमसिंगाचा हात थिजला," किसनसिंग म्हणाला. वाईट मनानं नव्हे. असा प्रसंग कुणावरही येतो अशा सुरात. पण शब्द सुटला तो सुटला. यंदाच्या होळीला बायकांनी लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणताना त्यात एका शिकाऱ्याला घातलं, जो अस्वल बघून बायकोचं नाव घेतो. नाव सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. काका खाटेवरून मोठ्यानं हसला, दोन बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. भुरीबाई गोलातून बाहेर पडली आणि परत गेली नाही. हे उत्तमसिंगनं पाहिलं आहे. तेव्हा तो जागा होता.

पण त्यानं आणखी एक पाहिलेलं आहे. नाल्याच्या काठामागे, जिथं काकानं त्याला बसवलं होतं ("तू मागं राह्य मास्तर, झाडं घाबरते तुले"), तिथून अस्वल दिसत नव्हतं; नाल्यापलीकडचं वावर, त्याच्या टोकाला मोह, आणि अलीकडे काकाची पाठ एवढंच दिसत होतं. गोळी सुटली. पलीकडे काहीतरी ओरडलं, माणसासारखं. मग काळं ढेकूळ वावर ओलांडून येऊ लागलं, आणि काकाचं कोपर हललं. वर, मागे. वर, मागे. खटका ओढणाऱ्या माणसाचं कोपर. ते शेवटपर्यंत हलत होतं. थिजलेल्या हाताचं कोपर हलत नाही. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मग नायकानं विचारलं असतं, हात चालत होता तर खटका काहून नाही उघडला? आणि मग.

शाळेत तो आठवीला उष्णता शिकवतो. भिंतीवरचा नकाशा अजून जुन्या राज्याचा आहे, विदर्भ त्यात दुसऱ्या रंगात आहे, नवा नकाशा येणार म्हणतात. मुलांना तो सांगतो, पदार्थ तापला की त्याचे कण अस्वस्थ होतात. तापलेला पदार्थ लवकर पेटतो, लवकर जळतो, आणि कोंडलेला असेल तर भिंतींना जोरानं रेटतो. उदाहरण द्या, सर. सायकलची ट्यूब. हे उदाहरण तो दर वर्षी देतो, आणि आज त्याच उदाहरणानं त्याला धुळीत बसवलं. टेबलाच्या खणात, बुचांच्या डब्यात, ती रिकामी पितळी नळी आहे. हिरासिंगनं फेकली ती त्यानं दवाखान्यातून तांड्यावर परतल्यावर उचलली होती. बुडाची गोल टोपी, जिच्यावर घोडा आपटतो, ती नेहमी जराशी फुगीर असते. हिची चपटी झाली आहे, कुणी अंगठ्यानं दाबून बसवावी तशी. आतून भलताच दाब आला. ज्याला वाचता येतं त्याला येतं. त्या शाळेत, त्या तांड्यावर ते त्या एकट्यालाच वाचता येत होतं, आणि त्यानं ती बुचांखाली ठेवली.

नागपूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.चा हवालदार चांदमारीच्या मैदानावर सांगायचा, "राउंड धूप में मत रखना. बारूद गरम, तो गोली ऊपर." एवढंच. गोळी वर जाते. नेम छातीचा धरला तर पाठीवरून जाते. त्या दुपारी उत्तमसिंगला एवढं माहीत होतं. म्हणजे तो झोपला होता हे खरं, पण पुरता झोपला नव्हता. ओसरीवर खाट होती, पोटात भाकरी होती, डोळ्यांवर पापण्या होत्या आणि पापण्यांच्या फटीतून अंगणातला तवा दिसत होता, त्याच्यावर पाच पिवळे ठिपके. काकी मधूनच येऊन ठिपक्यांचं तोंड सूर्याकडे फिरवत होती. अर्धवट झोपेत माणूस पुष्कळ काही बघतो. सगळ्याचाच अर्थ त्याला लागतो असं नाही.

फाट्यावर तो उतरला. बस गेली, धूळ बसली. तांड्याची वाट पळसांमधून जाते. पळस फुलून सरले होते, जमिनीवर वाळलेली फुलं चिंधीसारखी पडली होती. पायांखाली मातीचा चटका चपलेतून वर येत होता, आणि चालताना माणसाला खोटं सांगता येत नाही, निदान स्वतःला नाही. पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला एकेक शब्द गळतो. अर्धवट हा शब्द पळसांतच गळला.

पुन्हा. ती दुपार पुन्हा.

जेवताना सगळे होते. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. काका खुशीत होता. "दोन साल झाले," तो म्हणाला, "आमच्या मास्तरनं नागपूरच्या शिक्षणानं रानडुकरावर गोळी घातली. डुक्कर गेलं पुसदले. गोळी मोहात. आता त्या झाडाची फुलं वेचताना बाया म्हणते, जरा दमानं, छर्रा लागन दाताले." किसनसिंगाला ठसका लागला. काकीही हसली. उत्तमसिंग हसला आणि म्हणाला, "काका, एक सांगू? ते काडतुसं उन्हात..." "सांग ना," काका म्हणाला, "पण आधी डुकराचा पत्ता सांग." पुन्हा हसणं उसळलं. त्याचं वाक्य भाकरीच्या तुकड्यांत राहिलं. ते परत उचलायला कुणी मनाई केली नव्हती. जेवण झालं, माणसं पांगली, तो खाटेवर पडला, काकी तवा घेऊन अंगणात आली. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. उठून चार शब्द बोलायचे होते. काकीनं ते ऐकले असते. ती त्याचं ऐकायची. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा. अंगणातून, कपाळावर हात धरून, ओसरीच्या सावलीत बघितलं आणि विचारलं, "उत्तम, झोपला काय रे? चहा ठेवू?"

त्यानं डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांमागे त्याला काकाची गोळी दिसली. ती छातीवर नेम धरून सुटली आणि अस्वलाच्या पाठीवरून आभाळात गेली. अस्वल पळालं. सगळे परत आले. एक गोळी झाडात, एक गोळी आभाळात. रात्रीच्या जेवणात काका गप्प, आणि उत्तमसिंग काहीच बोलत नाही, ठेचा वाढून घेतो. एवढंच त्याला हवं होतं. एका माणसानं एका संध्याकाळी एकदा चुकावं. ही काही मोठी इच्छा नव्हती. अशी इच्छा कुणीही जेवणानंतर करतं.

तांड्यावरची कुत्री दुरून भुंकू लागली. आता एकच वळण राहिलं होतं आणि त्याला वाटत होतं की एवढ्यावर थांबावं. ही इच्छा वाईट आहे पण तिच्यासोबत जगता येईल. पण हवालदाराचं वाक्य एवढंच नव्हतं. तो पुढेही बोलायचा, दर वेळी, तपकीर ओढत, दुसरा तुकडा: "और खोखा फूल के अंदर चिपक जाएगा. फिर खींचते रहो, बेटा." खोखा म्हणजे रिकामी नळी; ती रात्रभरात निवली की सुटते, म्हणून सकाळी हिरासिंगला खटका उघडता आला. वर्षभर उत्तमसिंगनं पहिला तुकडा आठवला होता आणि दुसरा आठवला नव्हता. त्या दुपारी मात्र दोन्ही आठवत होते. दुसरा आठवताच त्यानं तो बाजूला सारला, खाटेवर कूस बदलली. इतकं कशाला होतंय, असं स्वतःशी म्हणाला. अस्वल काही उलटून येत नाही. त्यानं कूस बदलली तेव्हा खाट वाजली. काकीनं ऐकलं असेल.

पहिलं घर दिसलं आणि त्याचे पाय मंद झाले. आज बोलावं लागणार होतं, कारण संध्याकाळी हिरासिंग त्याच वावरात, त्याच रायफलीनं बसणार होता. त्यात शंका नव्हती. पण बोलायचं कसं? काडतुसं उन्हात ठेवू नको म्हणावं, तर काहून विचारणार. काहूनचं उत्तर दिलं की काका मोकळा होतो; त्याचा हात थिजला नव्हता हे लेंगी म्हणणाऱ्या बायकांनाही कळेल. पण त्याच उत्तरानं काकीला कळेल की नवऱ्याचा डोळा आणि तीन बोटं कुणाच्या तव्यावर भाजली. वर्षभर ती त्याला घास भरवते. गमावलेल्या डोळ्याची खाच कोमट पाण्यानं पुसते. अशा बाईला हे सांगायचं, आणि सांगणाऱ्यानं आपण त्या दुपारी झोपलो होतो असंही म्हणायचं. दुसरा काही बहाणा सापडेना. काडतुसं चोरावीत, पाण्यात टाकावीत, रायफलीचा खटकाच काढून न्यावा असे विचार आले. पण पाय चालतच होते.

अंगणात कुणी हसत नव्हतं. काका ओसरीवर त्याच खाटेवर बसला होता, चांगला डोळा वाटेकडे. "आला मास्तर," तो म्हणाला. "झाडं हादरली पाह्य." आवाज तोच, फक्त तोंडाच्या एका बाजूनं येत होता. हिरासिंग नाल्याकडे जागा बघायला गेला होता. अंगणाच्या मधोमध, जिथं लिंबाची सावली पोचत नाही, तिथं तवा होता. घासून काळा कुळकुळीत. त्याच्यावर पाच काडतुसं उभी. शेजारी घोंगडीचा तुकडा घडी करून, आणि काकी उकिडवी बसून एकेकाचं तोंड उन्हाकडे फिरवत होती. पोराचं पहिलं अस्वल. तिनं बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

उत्तमसिंग तिच्यासमोर जाऊन बसला. केळ्यांची पिशवी खाली ठेवली. तव्याची झळ त्याच्या गुडघ्यांना लागली.

"काकी, त्या गोळ्या सावलीत ठेव."

"काहून?"

"तापल्या का गोळी वर जाते."

"वर जाऊ दे. हिरा नेम खाली धरन." ती हसत होती. "तुझ्या काकाले कोणं सांगतलं नाही कधी."

"अन् रिकामी नळी आत फुगते, काकी. चिपकून बसते. मंग खटका उघडत नाही. किती ओढला तरी."

तिचा हात एका काडतुसावर होता. तो तिथेच राहिला. काडतूस चटके देत असणार. तिनं हात काढला नाही. तिनं तव्याकडे पाहिलं, मग वर उन्हाकडे, मग ओसरीवरच्या खाटेकडे. चेहऱ्यात काहीच हललं नाही, फक्त चढवलेल्या बांगड्या एकेक करून मनगटावर उतरल्या.

"काय म्हणते मास्तर?" काकानं ओसरीवरून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तहान लागली म्हणते."

तिनं पाचही काडतुसं ओढणीत गोळा केली, घरात नेली, आणि माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवल्याचा आवाज आला. घोंगडीचा तुकडा अंगणातच राहिला. ती लोटा घेऊन परत आली, त्याच्या आणि खाटेच्या मधे उभी राहिली, लोटा त्याच्या हातात दिला आणि अगदी हळू, चहा ठेवू का असं विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी तू जागा होता?"

उत्तमसिंगनं मान खाली केली, आणि ती खाली जाताना त्याला कळलं की हेच उत्तर आहे. काकी मारेल असं त्याला वाटलं. मारावं असं वाटलं. तिनं फक्त तवा उचलला, तापलेला, ओढणीचा पदरही न धरता, आणि भिंतीला उलटा टेकवून ठेवला. मग ओसरीवर जाऊन खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

"आयकता काय," ती म्हणाली. "तुमचा हात नव्हता थिजला. खटकाच अडकला होता. मी तापवलं होतं म्हणून."

काकानं दोन बोटांचा हात उचलला आणि हवेत, छातीसमोर, नसलेला खटका धरला. वर, मागे. थांबला. पुन्हा वर, मागे. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि तोंडाची एक बाजू हसत होती. "मी ओढत होतो वं," तो म्हणाला. "मलेच वाटे का नसन ओढला." काकीनं तो हात हवेतून धरून खाली आणला आणि दोन्ही हातांत दाबून ठेवला.

मग काकानं मान वळवली. तो डोळा अंगणात, तव्याच्या जागी उरलेल्या काळ्या वर्तुळाशी बसलेल्या उत्तमसिंगवर येऊन थांबला.

"याले माहीत होतं काय?"

काकीनं वळून पाहिलं नाही.

"त्याले काय माहीत," ती म्हणाली. "तो झोपला होता."